न घडविलेले घड्याळ : कालप्रवासाचे चित्रपट, कार्यकारणाचे वर्तुळ आणि पाठचिकित्सा

काशीच्या पंचगंगा घाटावर पाच नद्यांचा संगम मानलेला आहे. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा व धूतपापा अशी त्यांची नावे सांगतात. डोळ्यांना दिसते ती मात्र एकटी गंगा. घाटाच्या माथ्यावर बिंदुमाधवाचे प्राचीन स्थान, सतराव्या शतकात त्या जागी उभी राहिलेली आलमगीर मशीद, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींनी पुढे जवळच बांधविलेले आजचे मंदिर, असा इतिहास तेथे थरावर थर रचून ठेवलेला आहे. मशिदीचे उंच मनोरे आता राहिलेले नाहीत. परंतु ते होते तोवर लोक त्यांना माधवरायाचा धरहरा म्हणत. नाहीशा झालेल्या मंदिराच्या देवाचे नाव त्या मनोऱ्यांना चिकटून राहिले होते. झालेली गोष्ट नाहीशी झाली तरी तिची खूण कोठे तरी उरते, एवढेच तूर्त ध्यानात ठेवू.

याच घाटाच्या पायऱ्यांशी कबीर व रामानंद यांची सुप्रसिद्ध कथा निगडित आहे. पहाटेच्या अंधारात कबीर पायरीवर आडवे पडून राहिले, स्नानास उतरणाऱ्या रामानंदांचा पाय त्यांना लागला, स्वामींच्या मुखातून अभावितपणे रामनाम बाहेर पडले, आणि कबीरांनी तोच गुरुमंत्र मानला. कथा नीट ऐकली म्हणजे लक्षात येते की येथे गुरूने शिष्य केलेला नाही, शिष्याने गुरू केला आहे. त्यातही दोघांच्या काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही, आणि कित्येकांना त्यांची समकालीनता जुळविणे कठीण वाटलेले आहे. इ. स. १६०० च्या सुमाराच्या नाभादासांच्या भक्तमालात मात्र कबीर रामानंदांच्या शिष्यांमध्ये निःशंकपणे गणले गेले आहेत. म्हणजे उत्तरकाळाने पूर्वकाळास एक गुरू पुरविला, असे म्हणण्यास जागा आहे.

ही कथा मी एकदा वर्गात सांगत असता एका विद्यार्थिनीने म्हटले, "सर, हे तर टर्मिनेटरसारखेच झाले." वर्ग हसला, आणि मीही तो विषय तेथेच सोडून दिला. तौलनिक साहित्याचा अभ्यासक म्हणविणाऱ्याने असे करावयास नको होते, हे नंतर ध्यानात आले. तिची तुलना सर्वस्वी बरोबर नव्हती. पण ती कोठे बरोबर आहे आणि कोठे चुकते हे पाहू गेल्यास कालप्रवासाच्या चित्रपटांविषयी आणि आपल्या परंपरांविषयीही काही सांगता येते. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन तेवढेच आहे.

कालप्रवासाच्या कथांत उद्भवणाऱ्या अडचणी दोन जातींच्या असतात, आणि त्यांची गल्लत नेहमी होते. पहिली जात प्रसिद्ध आहे. एखादा मनुष्य भूतकाळात जाऊन आपल्या आजोबांना, त्यांचा विवाह होण्यापूर्वीच, ठार करतो. मग त्याचा पिता जन्मणार नाही, तो स्वतः जन्मणार नाही, आणि आजोबांना मारावयास कोणी जाणारही नाही. ही सरळसरळ विरोधापत्ती होय : एकच घटना घडलीही पाहिजे आणि घडताही कामा नये. (पाश्चात्त्य विचारवंतांनी उदाहरणासाठी आजोबाच का निवडले असतील, असा प्रश्न काशीत राहणाऱ्यास पडल्यावाचून राहत नाही. येथे लोक आजोबांना तारावयास येतात. कार्तिकात याच घाटावर बांबूंच्या टोकाला टोपल्यांतून आकाशदीप लागतात ते पितरांना वाट दिसावी म्हणून. आणि अहिल्याबाईंच्या नावाने ओळखला जाणारा दगडी दीपस्तंभही तेव्हा उजळतो.)

१९८५ चा 'बॅक टू द फ्यूचर' हा या जातीचा सर्वांत लोकप्रिय चित्रपट. नायक मार्टी १९५५ सालात जाऊन पोहोचतो, त्याच्यामुळे आईवडिलांची भेट चुकते, आणि त्याच्या खिशातल्या छायाचित्रातून त्याची भावंडे एकेक करून पुसट होऊ लागतात. आपल्याकडे २०१० चा हिंदी 'ॲक्शन रिप्ले', २०१५ चा तमिळ 'इंद्रु नेट्रु नाळै' हे चित्रपट याच अंगाने जातात. 'ॲक्शन रिप्ले'मध्ये तर मुलगा १९७५ सालात जातो तो आईवडिलांच्या नीरस विवाहात प्रेम उत्पन्न करण्यासाठी, आणि ते यंत्र बनविलेले असते त्याच्या प्रेयसीच्या आजोबांनी. आजोबांचे असे पुनर्वसन आपल्याच पडद्यावर व्हावे, हे योग्यच झाले. या साऱ्या चित्रपटांत भूतकाळ दुरुस्त करता येतो, हे गृहीत आहे. तर्काच्या दृष्टीने ते ढिसाळ आहेत. त्यांचे आवाहन तर्काला नसून पश्चात्तापाला असते, म्हणून ते चालून जातात.

दुसरी जात अधिक विलक्षण आहे, कारण तीत विरोध मुळी नाहीच. १९८० साली 'समव्हेअर इन टाइम' नावाचा एक अमेरिकन चित्रपट निघाला. त्यातील प्रवास यंत्राने होत नाही, आत्मसंमोहनाने होतो; त्यामुळे काटेकोर अर्थाने त्याला विज्ञानचित्रपट म्हणावे की नाही, हा वाद होऊ शकेल. आपणांस त्यातील एका वस्तूशी कर्तव्य आहे. १९७२ साली एक वृद्ध स्त्री रिचर्ड कॉलियर या तरुण नाटककाराच्या हाती एक खिशातले घड्याळ ठेवते आणि आपल्याकडे परत ये, असे विनवून निघून जाते. आठ वर्षांनी तो १९१२ सालात जातो, तेथे तीच स्त्री, एलिझ मॅकेना, तरुण अभिनेत्री म्हणून त्यास भेटते, दोघांचे प्रेम जडते, आणि ते घड्याळ तिच्यापाशी राहते. ती ते साठ वर्षे जपते आणि १९७२ साली त्याच्या हाती देते. घटनाक्रमात कोठेही विसंगती नाही. प्रत्येक क्षणी घड्याळ कोणापाशी होते व ते तेथे कसे आले, हे सांगता येते. एकच प्रश्न अनुत्तरित राहतो : ते घड्याळ कोणी घडविले? कोणत्याही घड्याळजीने नाही. त्या वर्तुळाला कारखान्याकडे जाणारी वाटच नाही.

त्याच चित्रपटात आणखी एक लहानशी वस्तू आहे. कॉलियर १९१२ सालात सुखाने नांदत असता त्याच्या कोटाच्या खिशातून एक नाणे निघते. त्यावर १९७९ हे साल कोरलेले असते. ते वाचताच संमोहन तुटते आणि तो आपल्या काळात फेकला जातो. दिग्दर्शकाने या दोन वस्तू हेतुतः समोरासमोर ठेवल्या की नाही, हा प्रश्न गौण आहे. घड्याळास जन्म नाही, म्हणून ते वर्तुळात सुखाने फिरत राहते. नाण्यावर टांकसाळीची मोहोर आहे, म्हणून ते वर्तुळ फोडते. ज्याने हस्तलिखिते हाताळली आहेत त्याला या दोहोंतील भेद नवा वाटणार नाही. एका पोथीच्या शेवटी पुष्पिका असते, शक, संवत्सर, लेखनिकाचे नाव आणि गाव असते. दुसरीला आदिअंतीची पानेच नसतात.

वर्तुळाची कथा चित्रपटाने अनेक रीतींनी सांगितली आहे. क्रिस मार्कर यांच्या 'ला जेते' (१९६२) या अठ्ठावीस मिनिटांच्या, जवळजवळ संपूर्णपणे स्थिरचित्रांनी रचलेल्या कृतीत एक लहान मुलगा विमानतळावर एका माणसाचा मृत्यू पाहतो; पुढे कळते की तो माणूस म्हणजे कालप्रवास करून आलेला तो स्वतःच. टेरी गिलियम यांनी १९९५ साली 'ट्वेल्व्ह मंकीज'मध्ये तीच कल्पना विस्तारली. मला मूळच्या स्थिरचित्रांतील शोकभाव अधिक मोलाचा वाटतो. 'द टर्मिनेटर' (१९८४) मध्ये भविष्यकाळातील जॉन कॉनर आपल्या एका सैनिकास भूतकाळात पाठवितो आणि तोच सैनिक त्याचा पिता ठरतो. १९९१ च्या उत्तरार्धात असे दिसते की ज्या यंत्रबुद्धीने पहिला यंत्रमानव मागे धाडला, ती त्याच यंत्रमानवाच्या अवशेषांवरून बनविली जात होती. 'प्रीडेस्टिनेशन' (२०१४) हा रॉबर्ट हाइनलाइन यांच्या १९५९ च्या कथेवरचा चित्रपट; त्यात एकच व्यक्ती आपली माता, पिता आणि अपत्य आहे. 'इंटरस्टेलर' (२०१४) मध्ये तर साऱ्या मानवजातीला वाचविणारी योजना भविष्यातील मानवांनीच रचली, अशी नायकाची समजूत होते. ते भविष्यातील मानव असणार, ते पूर्वज वाचले म्हणून.

भारतीय अभ्यासकाला येथे नैयायिकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. नव्यन्यायात तर्काचे जे पाच प्रकार सांगतात त्यांत आत्माश्रय, अन्योन्याश्रय, चक्रक आणि अनवस्था हे चार येतात. वस्तू स्वतःवरच अवलंबून असली तर आत्माश्रय, दोन वस्तू एकमेकींवर अवलंबून असल्या तर अन्योन्याश्रय, तीन किंवा अधिकांची साखळी पुन्हा पहिलीवर आली तर चक्रक, आणि साखळी कधीच थांबली नाही तर अनवस्था. 'प्रीडेस्टिनेशन'चा नायक आत्माश्रयाचे सोलीव उदाहरण आहे. कॉनर आणि त्याचा पिता अन्योन्याश्रयाचे. यंत्रबुद्धी, यंत्रमानव, अवशेष आणि पुन्हा यंत्रबुद्धी हे चक्रक. आपल्या शास्त्रकारांनी हे दोष उत्पत्ती, स्थिती आणि ज्ञप्ती अशा तीन अंगांनी तपासले आहेत, आणि हा भेद येथे उपयोगी पडतो. घड्याळाच्या स्थितीत दोष नाही, त्याच्या ज्ञप्तीतही नाही. दोष आहे तो उत्पत्तीत.

यावर कोणी बीजांकुरन्यायाचा आधार घेईल. बीजापासून अंकुर आणि अंकुरापासून बीज, येथेही आधी कोण हे सांगता येत नाही. आणि आचार्य शंकरांनी संसाराचे अनादित्व याच दृष्टान्ताने सांगितले आहे. प्रमाणाने सिद्ध झालेली अनवस्था दोषास पात्र नाही, हेही शास्त्रात मान्य आहे. परंतु बीजांकुराच्या परंपरेत ज्या बीजापासून अंकुर झाला आणि त्या अंकुरापासून जे बीज झाले, ती दोन बीजे निराळी आहेत. ती एक रेषा आहे, मागे कितीही लांब गेलेली. चित्रपटातील घड्याळ मात्र तेच ते घड्याळ आहे. मीमांसकांचे वेदाविषयीचे मतही याच कारणाने वर्तुळाचे नाही. वेदास कर्ता नाही, हे ते म्हणतात. पण प्रत्येक अध्ययन त्यापूर्वीच्या गुरूच्या अध्ययनाने झालेले आहे, असे कुमारिल भट्टांचे प्रतिपादन आहे. कर्ता नसला तरी शिकविणारा आहे, आणि तो दर पिढीला निराळा आहे.

मग असे वर्तुळ निसर्गात संभवते काय? यावर भौतिकीने दिलेले उत्तर ऐकण्यासारखे आहे, आणि त्याचा एक धागा याच काशीपर्यंत येतो. १९४५ व १९४९ साली जॉन व्हीलर आणि रिचर्ड फाइनमन यांनी विद्युत्गतिकीची एक मांडणी केली. तीत भूतकाळाकडून भविष्याकडे जाणाऱ्या तरंगांइतकाच मान भविष्याकडून भूतकाळाकडे येणाऱ्या तरंगांना दिलेला होता. लगेच आजोबांची अडचण उभी राहते. एक गोळी एका विद्युत्भारित कणावर आदळणार आहे. आदळल्यास कण हलेल, त्या हालचालीचा परिणाम मागच्या काळात जाऊन एक झडप बंद करील, आणि गोळी अडेल. अडली तर कण हलणार नाही आणि झडप बंद होणार नाही. दुसऱ्या निबंधात या दोघांनी दिलेले उत्तर मोठे मार्मिक आहे. झडप पूर्ण उघडी किंवा पूर्ण बंद, असे दोनच पर्याय आपण धरून चालतो. निसर्गात मधल्या अवस्था असतात. झडप अर्धवट सरकते, गोळी निसटती लागते, आणि त्या निसटत्या धक्क्याने कण नेमका तेवढाच हलतो की झडप तेवढीच सरकावी. विरोध नाहीसा होतो, आणि उरते ते सुसंगत वर्तुळ.

पुढे १९६० च्या दशकात हीच मांडणी प्रसरणशील विश्वाला लावून पाहणाऱ्यांत फ्रेड हॉइल यांच्यासह जयंत नारळीकर होते. त्यांचे वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक आणि सापेक्षतावादाचे अभ्यासक. जयंतरावांचे बालपण त्याच परिसरात गेले आणि १९५७ साली ते तेथूनच पदवीधर झाले. १९८८ मध्ये किप थॉर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी अवकाशातील विवरांतून कालयंत्र संभवते काय याची गणिते मांडली. १९९१ मधील एका निबंधात भूतकाळात जाऊन स्वतःलाच धक्का देणाऱ्या बिलियर्डच्या चेंडूचे गणित सोडविले गेले, तेव्हाही उत्तर निसटत्या धक्क्याचेच आले, आणि अशी सुसंगत उत्तरे एक नव्हे, अगणित निघाली. १९९२ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी निसर्ग असली यंत्रे मुळातच होऊ देत नसावा, असा तर्क मांडला. तो वाद तज्ज्ञांवर सोपवू. आपणांस एवढे पुरे की वर्तुळाला केवळ तर्कदुष्ट म्हणून बाजूस सारता येत नाही. ते सुसंगत असू शकते.

मग त्यात खटकते ते काय? घड्याळाकडे पुन्हा वळू. १९१२ पासून १९७२ पर्यंत एलिझने ते वापरले, मग आठ वर्षे कॉलियरपाशी होते. अडुसष्ट वर्षांत त्याच्या काट्यांची थोडी झीज झाली असेल, कडेला चरे पडले असतील. आता तेच घड्याळ १९१२ मध्ये परत गेले तर ते चऱ्यांसह गेले पाहिजे. पण १९१२ मधले घड्याळ आणि हे घड्याळ एकच असल्यामुळे ते चऱ्यांवाचून असले पाहिजे. म्हणून वर्तुळात फिरणारी वस्तू झिजता कामा नये. तिला स्पर्शाची खूण लागता कामा नये. आता घड्याळाच्या जागी ग्रंथ घालून पाहा. असा ग्रंथ नकलला जाईल, परंतु त्यात एकही अक्षर चुकणार नाही. हजार हातांतून जाईल, परंतु एकही पाठभेद उत्पन्न होणार नाही. असा ग्रंथ कोणी पाहिला आहे काय? पाठचिकित्सेचे सारे शास्त्र, सुखटणकरांच्या महाभारताच्या आवृत्तीपासून कत्रे यांच्या १९४१ मधील पाठचिकित्सेवरील पुस्तकापर्यंत, या एका अनुभवावर उभे आहे की नकल करणारा चुकतो, आणि त्याच्या चुकीवरूनच ग्रंथाचा वंशवृक्ष काढता येतो.

मराठी वाचकाला वर्तुळाचा भास होईल असे एक प्रकरण आपल्या वाङ्मयात आहे. एकनाथांनी आपले भागवत १५७३ मध्ये काशीतच पूर्ण केले, आणि पुढे १५८४ च्या सुमारास, शके १५०६ मध्ये, पैठण येथे ज्ञानेश्वरीची संहिता शुद्ध केली. ज्ञानेश्वरांनी स्वप्नात येऊन, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे ती काढ, असे सांगितले, आणि एकनाथ आळंदीस गेले, ही कथा सर्वश्रुत आहे : भूतकाळ वर्तमानाकडे साह्य मागतो. ज्या एकनाथांना ज्ञानेश्वरीने घडविले त्याच एकनाथांच्या हातून ज्ञानेश्वरी आपल्यापर्यंत आली. शिष्याने गुरूचा ग्रंथ सिद्ध केला आणि त्या ग्रंथाने शिष्य सिद्ध केला. वर्तुळ पुरे झाल्यासारखे दिसते.

ते पुरे झालेले नाही, आणि ते पुरे होऊ नये याची काळजी स्वतः एकनाथांनीच घेतली आहे. मूळ ग्रंथ शुद्ध होता, परंतु पाठांतरांमुळे त्यात अशुद्धता शिरली, असे त्यांनी शेवटी नमूद केले, शुद्धीकरणाचा शक दिला, आणि यापुढे कोणी आपली ओवी त्यात घालू नये असे बजावले. मूळ ग्रंथाच्या अखेरीसही शके १२१२ चा आणि सच्चिदानंदबाबा या लेखनिकाचा उल्लेख आहेच. दोन तारखा, आणि त्यांच्या मधली सुमारे तीनशे वर्षे. ती तीनशे वर्षे अनामिक लेखनिकांची आहेत. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १९०९ मध्ये एकनाथपूर्व म्हणून एक निराळी संहिता छापली, तेव्हा तिच्या प्राचीनत्वाविषयी वाद झाला. परंतु असा वाद संभवला, यातच सारे आले. घड्याळाविषयी असा वाद संभवत नाही. सतराव्या शतकात काशीत बसून महाभारतावर टीका लिहिणारे नीलकंठ चतुर्धर, मूळचे गोदातीरीच्या कोपरगावचे, आपण देशोदेशींच्या पोथ्या जमवून उत्तम पाठ निवडले असे सांगतात. तेही याच वर्गातले.

याहून चमत्कारिक आहे ती वैदिकांची रीत. पंचगंगेच्या शेजारी दुर्गाघाट, ब्रह्माघाट या बाजूस मराठी वैदिकांची वस्ती पूर्वापार आहे. तेथील घनपाठ ऐकताना कालप्रवासाच्या चित्रपटांचा विचार मनात आला, तो असा. घनपाठात पहिले पद, दुसरे. मग दुसरे, पहिले. मग पहिले, दुसरे, तिसरे. मग तिसरे, दुसरे, पहिले. आणि पुन्हा पहिले, दुसरे, तिसरे, असे म्हणत पुढे सरकावयाचे असते. वाणी पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते. चित्रपटातील नायक मागे जातो तो काही बदलावे म्हणून. घनपाठी मागे जातो तो काही बदललेले नाही ना, हे पाहण्यासाठी. ज्या ग्रंथास कर्ता नाही असे मानले, त्याच्याच रक्षणासाठी इतके श्रम घ्यावे लागले. झीज न होणारी वस्तू आयती मिळत नाही. दर पिढीला ती झिजू द्यायची नसते, आणि त्यात मुलांची दहा-बारा वर्षे जातात.

येथे माझा आक्षेप स्पष्ट करता येतो. वर्तुळाचे चित्रपट सुसंगत असतील, सुंदरही असतील. परंतु ते श्रम गिळतात. याचे सर्वांत बोलके उदाहरण 'बॅक टू द फ्यूचर'मध्येच आहे. १९५५ सालच्या एका नृत्यसमारंभात मार्टी 'जॉनी बी. गुड' हे गीत वाजवितो. ते गीत चक बेरी या कृष्णवर्णीय संगीतकाराने प्रत्यक्षात १९५८ मध्ये ध्वनिमुद्रित केले. चित्रपटात बेरीचा एक चुलतभाऊ त्यास दूरध्वनी करून ते ऐकवितो, आणि प्रेक्षक हसतात. विनोद चांगला आहे. पण त्याचा हिशेब मांडला तर काय उरते? बेरीने ते गीत मार्टीकडून ऐकले, मार्टीने बेरीच्या ध्वनिमुद्रिकेवरून शिकले, आणि गीत कोणीच रचले नाही. ज्या समाजाच्या संगीतावर एका शतकाचे लोकरंजन उभे राहिले, त्याच्या एका रचनाकाराचा वाटा अर्ध्या मिनिटाच्या विनोदात वाफ होऊन जातो, तोही कोणी चोर न ठरता. चोरीत निदान मूळ मालक मान्य केलेला असतो.

साहित्यशास्त्राला ही भूल अपरिचित नाही. १९१९ मध्ये एलियट यांनी म्हटले की नवी कृती आली म्हणजे पूर्वीच्या साऱ्या कृतींचा परस्परसंबंध बदलतो. १९५१ मध्ये बोर्हेस यांनी काफ्काविषयी लिहिताना, प्रत्येक लेखक आपले पूर्वसूरी स्वतः निर्माण करतो, अशी मांडणी केली. दोघांचेही म्हणणे वाचनाविषयी आहे, घटनेविषयी नाही. पूर्वसूरींचे वाचन बदलते. त्यांनी जे लिहिले ते लिहिलेलेच असते. कालप्रवासाचा चित्रपट हे रूपक शब्दशः घेतो, आणि त्यामुळे त्यातील लबाडी उघडी पडते.

कबीरांचे पद याला उलट्या बाजूने साक्ष देतात. १५८२ च्या फतेहपूरच्या पोथीत कबीरांची पदे मोजकीच आहेत. १६०४ च्या आदिग्रंथात शेकड्यांनी आहेत. राजस्थानातील दादूपंथी संग्रहांत आणि बीजकात परत निराळी. शतके उलटत गेली तशी कबीरांची रचना वाढत गेली. हे कोणी केले? ज्यांची नावे आपणांस ठाऊक नाहीत अशा कवींनी. त्यांनी पद रचले, शेवटी कबीरांची नाममुद्रा घातली, आणि ते पद मागे, पंधराव्या शतकात, पाठवून दिले. यंत्रावाचून झालेला हा खराखुरा कालप्रवास होय. चित्रपटात मात्र असा कवीच नसतो. येथे तो होता, आणि त्याने आपले नाव आपण होऊन पुसले. त्याला शोधणे हे आपले काम आहे, आणि भाषेतील एखादे उत्तरकालीन रूप, छंदातील एखादी नवी लकब, एवढीच साधने हाती असतात. एकनाथांची 'एका जनार्दनी' ही मुद्रा याहून सुटसुटीत : तीत गुरूही आहे आणि रचणाराही आहे.

विरोधापत्तीतून सुटण्याचा आणखी एक मार्ग चित्रपटांनी अलीकडे फार वापरला आहे, तो शाखांचा. भूतकाळात बदल केला की विश्वाला नवी फांदी फुटते आणि जुने विश्व जसेच्या तसे राहते. बहुतेक चित्रपटांत ही निव्वळ पळवाट असते, आणि तिच्याविषयी अधिक लिहावेसे वाटत नाही. मराठीत मात्र या कल्पनेवर एक फार चांगली कथा आहे, जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. (१९७४ मध्ये आपली पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस नारायण विनायक जगताप या नावाने पाठविली होती, स्वतःची आद्याक्षरे उलट्या क्रमाने लावून. काळाच्या दिशेवर संशोधन करणाऱ्यास शोभेल असेच हे टोपणनाव. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले.) इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा एका जगात जाऊन येतात, जेथे १७६१ मध्ये पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही. पुरावा म्हणून खिशात उरलेले असते ते भाऊसाहेबांच्या बखरीचे एक फाटके पान. आपल्या बखरीत विश्वासरावांना गोळी लागते. त्या पानावर ती निसटून जाते. बाकीचा मजकूर तोच, एक वाक्य निराळे. नारळीकरांनी पुराव्यासाठी यंत्र किंवा नाणे न घेता पाठभेद घेतला. घड्याळाला जे नव्हते ते या पानाला आहे : ते कोणी तरी लिहिलेले आहे, आणि म्हणून ते दुसऱ्या पानाशी ताडून पाहता येते.

असे ताडून पाहण्याचे एक प्रकरण काशीतच घडलेले आहे. श्यामसुंदरदास यांनी संपादिलेली कबीर-ग्रंथावली १९२८ मध्ये नागरी प्रचारिणी सभेने प्रसिद्ध केली. तिला आधार म्हणून घेतलेल्या एका पोथीच्या पुष्पिकेत संवत् १५६१, म्हणजे इ. स. १५०४, असे साल होते. ते खरे असते तर ती कबीरांची सर्वांत जुनी पोथी ठरली असती, कदाचित त्यांच्या हयातीतलीही. पुढे अभ्यासकांनी पुष्पिकेची छायाचित्रे बारकाईने पाहिली, आणि साल सांगणाऱ्या त्या अखेरच्या मजकुराचे अक्षर बाकीच्या पोथीच्या अक्षराहून निराळे असल्याचे त्यांच्या ध्यानात आले.